किल्ली ऑन, केबल लावलेली, तरी गाडी बोलेना: जुन्या ऑक्टाव्हियातल्या के-लाइनचं दुखणं

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात माझ्या गाडीचा दम जायचा. चौथ्या गिअरात छान ओढत असलेली गाडी एकदम कुणीतरी मागून धरल्यासारखी व्हायची, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी पुढे सरकायला तयार नाही. ट्रकच्या मागे कडेला घ्यायचं, किल्ली बंद करून पुन्हा चालू करायची, की गाडी पुन्हा पहिल्यासारखी. गाडी २००४ ची ऑक्टाव्हिया, १.९ टीडीआय, ९० पीएसचं रोटरी पंपाचं इंजिन, आपल्याच औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली.

किल्ली फिरवल्यावर ताकद परत येते, याचा अर्थ टर्बो मेलेला नाही. इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, काहीतरी खटकलं, त्याने इंजिन वाचवायला बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, स्वतःहून कमी केला, आणि काय खटकलं त्याचा कोड आपल्या मेमरीत लिहून ठेवला. तो कोड वाचायला लॅपटॉप, एक यूएसबी केबल आणि एक जुनं सॉफ्टवेअर एवढंच लागतं. माझ्याकडे तिन्ही होतं. तरी गाडी भरवशाने बोलायला लागेपर्यंत मला दोन वर्षं लागली, कारण केबल लावली की पुन्हा पुन्हा तेच: गाडी बोलत नाही.

दर वेळी दिसायला तेच, पण कारण मात्र दर वेळी वेगळं निघालं. आधी मी सगळ्यांसारखंच केलं: सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, दुसरी आवृत्ती उतरवली, दुसरी केबल मागवली, एका मित्राचा एक्सपीवाला लॅपटॉप आणला. यातल्या कशानेच कारण सापडलं नाही. ज्या दिवशी गाडीच्या डायग्नोसिस सॉकेटच्या सात नंबरच्या पिनेवर, म्हणजे के-लाइनच्या वायरीवर, मीटर लावला, त्या दिवशी सापडलं. म्हणून जुन्या गाडीवर केबल घेऊन बसलेल्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो की सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी वायरीवर व्होल्टेज बघा.

सोळा पिनांचं सॉकेट आहे म्हणून ओबीडी आहे असं नाही

हा गैरसमज आधी दूर करतो, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. ओबीडी म्हणजे गाडीने आपले दोष एका ठरलेल्या, सर्वसाधारण भाषेत सांगायची सोय. डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं की माणूस निळ्या रंगाचं छोटं ब्लूटूथ स्कॅनर, ईएलएम ३२७, विकत आणतो, मोबाईलवर ॲप टाकतो, आणि ॲप 'कनेक्टिंग' म्हणत फिरत राहतं. आपल्याकडे ओबीडी कायद्याने सक्तीची झाली ती बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांसोबत: पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून, दुसरा एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेटचा आकार तोच असला तरी आत कोणती भाषा बोलायची हे ज्या त्या कंपनीने ठरवलेलं होतं.

ऑक्टाव्हियाच्या पिढीत ती भाषा केडब्ल्यू १२८१. सगळा संवाद एकाच वायरीवर चालतो, तिचं नाव के-लाइन, सॉकेटमधली सात नंबरची पिन. सोळा नंबरला बॅटरीचा प्लस, चार आणि पाचला अर्थ, म्हणजे मायनस. वायर एकच, त्यामुळे विचारणाराही तिच्यावरच बोलतो आणि उत्तर देणाराही. गप्प असताना ती बारा व्होल्टला उभी असते, बोलणारा तिला खाली ओढून सोडतो.

ईएलएम ३२७ हाक मारतं ती सर्वसाधारण ओबीडीच्या ३३ या पत्त्याला. माझ्या गाडीने त्या हाकेला कधी ओ दिली नाही. तिला इंजिनासाठी ०१, मीटर कन्सोलसाठी १७, एबीएससाठी ०३, एअरबॅगसाठी १५ असे स्वतःचे पत्ते हवे असतात, आणि पत्ता जुळल्यावर पुढचं बोलणं तिच्या पद्धतीने व्हावं लागतं. ते ईएलएमच्या चिपला येतच नाही. त्यातून बाजारातल्या स्वस्त ईएलएमवर '१.५ आवृत्ती' छापलेलं असतं, आणि मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. तेव्हा या पिढीच्या स्कोडा-फोक्सवॅगनवर ईएलएम चाललं नाही तर गाडी बिघडली समजू नका, ईएलएमवर आणखी पैसेही घालू नका.

लागते ती केकेएल केबल, जिला लोक '४०९.१ केबल' म्हणतात. हे नाव व्हॅग-कॉम या सॉफ्टवेअरच्या ४०९.१ आवृत्तीवरून पडलं. या केबलमध्ये हुशारी अजिबात नाही, आणि हे लक्षात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं होतं. एका टोकाला यूएसबीचं सिरिअल करणारी चिप, दुसऱ्या टोकाला पाच व्होल्टचे संकेत बारा व्होल्टचे करणारे दोन-चार ट्रान्झिस्टर, बस. कधी बोलायचं, किती वेळ थांबायचं, हे सगळं लॅपटॉप ठरवतो. म्हणून दोष तीनच ठिकाणी असू शकतो: लॅपटॉपला केबल दिसत नाही, लॅपटॉप वेळेवर बोलत नाही, किंवा वायर आवाज पोचवत नाही.

लॅपटॉपला केबलच दिसत नाही तेव्हा

हे सगळ्यात सोपं, म्हणून झटपट सांगतो. विंडोज प्रत्येक सिरिअल पोर्टला कॉम १, कॉम २ असा क्रमांक देतं, आणि जुनं व्हॅग-कॉम फक्त कॉम १ ते कॉम ४ एवढेच पोर्ट ओळखतं. विंडोजने केबलला कॉम ७ दिला तर सॉफ्टवेअर बिचारं शोधत बसणार. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून क्रमांक चारच्या आत आणा. केबलमध्ये सीएच ३४० चिप असेल तर आणखी एक गोष्ट: त्या चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे केबल यूएसबीच्या डाव्या खाचेत लावली की एक कॉम क्रमांक आणि उजव्या खाचेत लावली की दुसरा. 'काल चालत होतं, आज नाही' यामागे कित्येकदा एवढंच असतं. मी केबलची खाच ठरवून टाकली आणि तिच्यावर लाल टिकली चिकटवली.

चिपवर एफटी २३२ आरएल, म्हणजे एफटीडीआय कंपनीच्या चिपचं नाव, लिहिलेलं असेल तर ती अस्सल आहे का हा प्रश्न उरतोच. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळख क्रमांक पुसून शून्य केला. चालू केबली एका रात्रीत लॅपटॉपला अनोळखी झाल्या. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला, पण नंतरच्या एका आवृत्तीने नकली चिप सापडली की खऱ्या डेटाऐवजी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' हे शब्द पाठवायला सुरुवात केली. पोर्ट दिसतो, तपासणी बरोबर दिसते, आणि वायरीवर मात्र भलतंच जातं. असा संशय आला तर ड्रायव्हर जुना टाका, किंवा सरळ सीएच ३४० ची केबल घ्या. त्या चिपने माझं काम कधी अडवलेलं नाही.

केबल बरी आहे की नाही हे गाडीशिवायही कळतं. एक बारा व्होल्टची बॅटरी घ्या, यूपीएसमधली छोटी चालेल. प्लस केबलच्या सोळा नंबरच्या पिनेला, मायनस चार नंबरला. लॅपटॉपवर साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, त्यातला लोकल एको (दाबलेलं अक्षर प्रोग्रॅमनेच दाखवणं) बंद ठेवा आणि काही अक्षरं दाबा. के-लाइन एकच वायर असल्याने आपण पाठवलेलं अक्षर आपल्याकडेच परत येतं. दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटलं तर चिप, ड्रायव्हर, पोर्ट आणि ट्रान्झिस्टर सगळं जागेवर आहे. उमटलं नाही तर गाडीकडे जाऊच नका, दोष तुमच्या हातातल्या केबलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये आहे. जोडताना प्लस-मायनसची अदलाबदल होऊ देऊ नका. बॅटरीच्या वाटेत अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाकला तर जीव शांत राहतो.

या एका चाचणीने माझे पुढचे कितीतरी रविवार वाचले. ती मला पहिल्या दिवशी माहीत असायला हवी होती.

जोडणी होते आणि तुटते तेव्हा

माझं पहिलं दुखणं हे होतं. ०१ वर क्लिक केलं की क्षणभर ०३८ ९०६ ने सुरू होणारा ईसीयूचा पार्ट नंबर दिसायचा, जीव सुखावायचा, आणि चार-पाच सेकंदांत 'टू मेनी कम्युनिकेशन एरर्स' अशी पाटी. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. दहातून एकदा फॉल्ट कोडच्या पानापर्यंत मजल जायची आणि तिथे तुटायचं.

याचं कारण त्या भाषेतच आहे. केडब्ल्यू १२८१ मध्ये एक बाजू एक बाइट पाठवते आणि थांबते. समोरच्याने त्या बाइटचा उलटा आकडा, म्हणजे एकाचं शून्य आणि शून्याचं एक करून, परत पाठवायचा. तो मिळाला की पुढची बाइट. एका गटात शेवटची बाइट सोडली तर प्रत्येक बाइटला अशी पोच द्यावी लागते. ९६०० च्या वेगाने एक बाइट वायरीवरून जायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, आणि पोच अशाच थोड्या मिलिसेकंदांत यावी अशी ईसीयूची अपेक्षा असते.

आता यूएसबीकडे बघा. एफटीडीआयची चिप आलेली प्रत्येक बाइट लगेच लॅपटॉपला देत नाही. ६२ बाइटी साठेपर्यंत ती वाट बघते, आणि तेवढ्या साठल्या नाहीत तर एक घड्याळ संपेपर्यंत थांबते. त्या घड्याळाचं नाव लेटन्सी टायमर, आणि ते मुळात १६ मिलिसेकंदांवर लावलेलं असतं. मोठ्या फाइली पाठवायला ही सोय उत्तम. पण इथे तर एक बाइट येते आणि तिची पोच मागते. चिप तिला १६ मिलिसेकंद खिशात ठेवून बसली तर ईसीयूच्या दृष्टीने समोरचा झोपला. थोडं वाट बघून तो फोन ठेवून देतो.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. डिव्हाइस मॅनेजर, पोर्टच्या प्रॉपर्टीज, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, तिथे लेटन्सी टायमर १६ चा २ करा, चालत असेल तर १. विंडोजने केबल नवी समजून तिला वेगळा कॉम क्रमांक दिला की हा आकडा पुन्हा १६ होतो, म्हणून हे दुखणं बरं होऊन परत येतं. माझं तसंच आलं होतं. सीएच ३४० च्या ड्रायव्हरमध्ये हा आकडा बदलायची सोयच नसते. तिथे केबल हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा.

सोबत दोन बारीक गोष्टी. विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी मधेच पोर्ट झोपवतो. आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवा. लायटरच्या सॉकेटात लावलेल्या इन्व्हर्टरवर चार्जर चालवला की अर्थमध्ये इतका गोंगाट येतो की चांगली जोडणीही अडखळते.

काहीच उत्तर नाही तेव्हा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि इथेच सगळ्यात जास्त शिकलो.

पोर्ट बरोबर, टायमर २, केबल बॅटरीवरच्या चाचणीत पास. तरी 'नो रिस्पॉन्स फ्रॉम कंट्रोलर'. आधी इंजिन सोडा आणि १७, म्हणजे मीटर कन्सोल, वापरून बघा. किल्ली ऑन असली की तो जागा असतोच. १७ बोललं आणि ०१ बोललं नाही तर केबल आणि लॅपटॉप निर्दोष, इंजिनाच्या ईसीयूचा सप्लाय किंवा त्याच्याकडे जाणारी वायर बघा. कुणीच बोललं नाही तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या ठिकाणी, म्हणजे सॉकेट किंवा के-लाइन. या मॉडेलमध्ये इंजिन, एबीएस, एअरबॅग, मीटर कन्सोल, सगळे एकाच के-लाइनवर समांतर लटकलेले आहेत. एकाने ती वायर धरून ठेवली की सगळेच मुके.

पहिल्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीत यातलं पहिलं झालं: १७ बोलायचं, ०१ कधी बोलायचं कधी नाही. वर लिहिलेला नियम लावून मी ईसीयूवर संशय घेतला आणि चुकलो. सोळा आणि चार नंबरच्या पिनांमध्ये मीटर लावला तर ११.१ व्होल्ट. बॅटरीच्या टोकांवर १२.४. सव्वा व्होल्ट वाटेत कुठे गेला? काळी पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवून लाल पिन सॉकेटच्या चार नंबरवर ठेवली, तर जिथे शून्य यायला हवं तिथे एक व्होल्टच्या वर. अर्थची पिन हिरवी पडली होती आणि तिच्या वायरीच्या बोल्टखाली गंज होता.

एवढ्याशा व्होल्टने काय बिघडतं, असं मला तेव्हा वाटलं. के-लाइनचा नियम टक्केवारीत आहे. ऐकणाऱ्याला बॅटरी व्होल्टेजच्या ३० टक्क्यांखालचं शून्य वाटतं आणि ७० टक्क्यांवरचं एक. बारा व्होल्टवर ३.६ च्या खाली शून्य, ८.४ च्या वर एक, मधल्या पट्ट्यात कुणाचीच हमी नाही. केबल वायर खाली ओढते ती स्वतःच्या अर्थपर्यंत. तो अर्थच एक-दीड व्होल्टवर तरंगत असेल आणि केबलचा स्वस्त ट्रान्झिस्टर त्यावर आणखी दोन व्होल्ट सोडत असेल, तर आपलं शून्य त्या मधल्या पट्ट्यात जातं. एक मॉड्युल त्याला शून्य म्हणतं, दुसरं म्हणत नाही. मीटर कन्सोल ऐकायचा आणि ईसीयू ऐकायचा नाही ते यामुळे. बोल्ट उघडून सँडपेपरने घासला, सॉकेटमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारला, आणि दोघंही नीट बोलायला लागले. तेव्हापासून मी सर्वात आधी हेच एक माप घेतो.

त्यानंतर आठ महिने सगळं ठीक होतं. मग तिसरं दुखणं आलं, आणि ते सगळ्यात चकवणारं होतं: ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली की केबल लागायची, घरी आणली की लागायची नाही. तोच लॅपटॉप, तीच केबल, तीच यूएसबी खाच. मेस्त्रींनी त्यांचा मोठा स्कॅनर लावून दाखवला, तोही तिथे लागला. घराजवळच्या मोबाईल टॉवरचा त्रास असेल, असंही कुणी सुचवलं. मी गाडी गल्लीच्या टोकाला नेऊन पाहिली. नाही.

एका रविवारी भाचा आला होता. त्याला लॅपटॉपवर बसवलं आणि मी सॉकेटखाली आडवा झालो. काट्याचा जुना मल्टिमीटर काढला होता, कारण या कामाला तो आकड्यांच्या मीटरपेक्षा बरा. सॉकेटच्या मागून सात नंबरच्या वायरीत बारीक टाचणी घातली, तिला लाल पिन, काळी पिन अर्थला. मग त्याला ०१ वर क्लिक करायला सांगितलं.

इथे काय दिसायला हवं ते सांगतो, कारण ही चाचणी डोळ्यांना दिसते आणि फुकट आहे. सुरुवातीची हाक फार सावकाश मारली जाते, सेकंदाला पाच बिट. एका बिटाला २०० मिलिसेकंद, पूर्ण पत्त्याला दोन सेकंद. ०१ चा पत्ता पाठवताना काटा आधी एक छोटी बुडी मारतो, पाव सेकंदाहून कमी. मग तेवढाच वेळ वर येतो. मग जवळपास दीड सेकंद तळाला बसतो आणि पुन्हा वर उभा राहतो. १७ ची लय वेगळी असते. एकदा पाहिलं की विसरत नाही. काट्याचा मीटर नसेल तर एक एलईडी आणि ४.७ किलोओहमचा रेझिस्टर एकापुढे एक जोडून सोळा आणि सात नंबरमध्ये लावा, एलईडीचा प्लस सोळाकडे. वायर खाली गेली की एलईडी पेटतो, वर आली की विझतो.

"मामा, क्लिक केलंय. काही होतंय का?"

काही होत नव्हतं. काटा बारा व्होल्टवर ढिम्म. वायर जमिनीला चिकटली असती तर काटा शून्याला बसला असता. इथे ती वर चिकटली होती. केबल खाली ओढत होती आणि दुसरं कुणीतरी तिच्याहून जास्त ताकदीने वर धरून होतं. भाच्याने केबलच्या डबीला हात लावला तर ती गरम. मी लगेच केबल काढायला लावली. अशा वेळी पुन्हा पुन्हा क्लिक करत बसलं की केबलचा ट्रान्झिस्टर जातो, तेव्हा काटा हलत नाही असं दिसलं की तिथेच थांबा.

बारा व्होल्ट कोण देतंय? मी एकेक फ्यूज काढायला लागलो. एबीएसचा काढला, काही नाही. हीटर-एसीचा काढला, काही नाही. टेपचा फ्यूज काढला आणि काटा हलला.

गेल्या दिवाळीत मी गाडीला नवा टेप बसवून घेतला होता. या पिढीच्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये कंपनीच्या टेपलाही डायग्नोसिस असतं, त्यामुळे टेपच्या मागच्या कपलरमध्ये के-लाइनची एक बारीक वायर येते. बाहेरून घेतलेल्या टेपला तिचा काही उपयोग नाही. त्यात या कपलरमधली कायमची प्लस आणि किल्लीची प्लस यांच्या जागा बाजारातल्या टेपशी जुळत नाहीत, म्हणून बसवणारा बहुतेक वेळा कपलर कापून वायरी पिळून चिकटपट्टी मारतो. माझ्या गाडीत ती बारीक वायर नव्या टेपच्या निळ्या वायरीला पिळलेली निघाली. निळी वायर पॉवर अँटेनाची. टेप चालू असला की तिच्यावर बारा व्होल्ट येतात, तेही अँटेनाची मोटर सुरू करण्याइतक्या जोरात. केबलचा छोटा ट्रान्झिस्टर त्यापुढे काय टिकणार.

आणि गॅरेजमध्ये का लागायचं? माझ्या टेपचा पुढचा पॅनल निघतो. गाडी कुणाच्या ताब्यात द्यायची असली की तो काढून खिशात ठेवायची मला सवय आहे. पॅनल नाही म्हणजे टेप बंद, टेप बंद म्हणजे निळी वायर मोकळी, आणि के-लाइन मोकळी. घरी पॅनल लावलेलाच असायचा, किल्ली ऑन केली की टेप आपोआप सुरू. हे कळल्यावर मी आणि भाचा दोघंही काही वेळ त्या पिळलेल्या वायरीकडे बघत बसलो.

ती वायर सोडवली, टोकाला हीट श्रिंक घातलं, वेगळी बांधून ठेवली. त्या दिवसापासून जोडणी एकदाही चुकलेली नाही.

तुमच्या गाडीत बाहेरचा टेप, रिव्हर्स कॅमेरा किंवा सेंट्रल लॉकिंगचं किट बसवलेलं असेल तर मीटर काढायच्या आधीच तिकडे संशय घ्या. टेपचा फ्यूज काढून केबल लावून बघणं हे एक मिनिटाचं काम आहे. काटा बाराऐवजी शून्यावर बसला असेल तर बॅटरीचा मायनस काढा, केबलही काढा, आणि सात व चार नंबरमधला रेझिस्टन्स मोजा. दहा-वीस ओहम दिसले तर वायर कुठेतरी बॉडीला घासते आहे किंवा एखादं मॉड्युल आतून शॉर्ट आहे. मग एकेक कपलर काढत जायचं, ज्याच्या वेळी रेझिस्टन्स एकदम वाढेल तो दोषी. एअरबॅगचा कपलर काढायचा असेल तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावू नका, आणि तो काढलेला असताना किल्ली फिरवू नका, नाहीतर एक नवा फॉल्ट कोड जमा होतो.

ज्यांच्याकडे ऑक्टाव्हिया नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कुर्ल्यात बनलेल्या फियाट पॅलिओलाही केकेएल केबल चालते, सॉफ्टवेअर मात्र मल्टीईसीयूस्कॅन लागतं. फियाटने एबीएस आणि एअरबॅगच्या के-लाइन वेगळ्या पिनांवर नेल्या आहेत, त्यामुळे इंजिन बोलतं आणि एअरबॅग बोलत नाही हा तिथे बिघाड नसतो, मधे जोडणी बदलणारा अडॅप्टर हवा असतो. सुरुवातीच्या एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवाल्या) मारुतींना तर केबलचीही गरज नाही. डायग्नोसिस कपलरमधली ठरलेली पिन अर्थला जोडली की चेक लाइट लुकलुकून कोड सांगतो. एकदा, मग दोनदा, म्हणजे १२, आणि १२ म्हणजे सगळं ठीक. कुठली पिन ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच तार लावा.

शेवटी कोड काय निघाला

के-लाइन मोकळी झाल्यावर ०१ मधले फॉल्ट कोड वाचले. एकच होता: १७९६५, म्हणजे पी १५५७, बूस्ट मागितल्यापेक्षा जास्त. मी तो पुसला नाही. आधी कागदावर लिहिला आणि पडद्याचा फोटो घेतला. कोड पुसणं ही घाई कित्येकजण करतात आणि पुढच्या घाटापर्यंत हातात काहीच उरत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही कसाऱ्याला गेलो. मी चालवत होतो, भाचा शेजारी लॅपटॉप घेऊन मेझरिंग ब्लॉक्समधला ०११ हा गट नोंदवत होता. हे काम एकट्याने करू नका, घाटात तर मुळीच नाही. त्या गटात चार आकडे दिसतात: इंजिनाचा वेग, ईसीयूने मागितलेला बूस्ट, प्रत्यक्षात मिळालेला बूस्ट, आणि टर्बोला नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हला दिलेला हुकूम. सपाटीवर मागणी आणि पुरवठा हातात हात घालून चालले होते. घाटात तिसऱ्या गिअरात पूर्ण दाबल्यावर मागणी १८८० मिलिबार आणि मिळतंय २३१०. व्हॉल्व्हचा हुकूम कमी कमी होत होता, ईसीयू बूस्ट खाली आणायला धडपडत होता, आणि टर्बो ऐकत नव्हता. काही सेकंदांत दम गेला. या वेळी तो जाताना आम्ही पाहिला.

या इंजिनाच्या टर्बोत एक्झॉस्टच्या बाजूला हलणारी पाती असतात. शहरात हळूहळू चालवलेल्या गाडीत त्यांच्यावर काजळी बसते आणि ती अडकतात. मेस्त्रींनी टर्बो उतरवला, पात्यांची कडी साफ केली, लिव्हर हाताने शेवटपर्यंत फिरतो याची खात्री करून परत बसवला. नवा टर्बो घ्यावा लागला नाही. मग कोड पुसला आणि तोच घाट, तोच गिअर, तोच ०११ गट. इगतपुरीपर्यंत मागणीचा आकडा आणि मिळालेला आकडा एकमेकांपासून पन्नास मिलिबारहून लांब गेले नाहीत. टेप चालू होता.